भेंडीवरील केवडा: झाडाची विषाणूविरोधी प्रथिने आणि विषाणूचा प्रतिडाव

गेवराई तालुक्यात कालव्याच्या पट्ट्यात आणि विहिरीच्या पाण्यावर भेंडी घेणाऱ्या शेतकऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. पाकिटावर ‘केवडा प्रतिकारक’ असे छापलेले बियाणे आणले, पैसे जास्त मोजले, तरी दीड महिन्यात प्लॉट पिवळा कसा पडला? बियाणे बोगस होते का? कधी तसेही असते. पण बऱ्याच वेळा बियाणे खरे असते, त्यातले प्रतिकारक जनुकही खरे असते, आणि तरीही झाड हरते. असे का होते हे समजले, तर पैसा कुठे घालायचा आणि कुठे घालायचा नाही, हे तुम्हाला स्वतःच ठरवता येईल. त्यासाठी या लेखात थोडे पेशीच्या आत जावे लागणार आहे.

आधी रोगाची ओळख पक्की करा

‘केवडा’ हा शब्द आपल्याकडे फार सैल वापरला जातो. चुनखडीच्या जमिनीत उसाला लोह मिळाले नाही की पाने पिवळी-पांढरी पडतात, त्यालाही केवडा म्हणतात. ज्वारी-बाजरीवर बुरशीमुळे येणारा केवडा आणखी वेगळा. भेंडीवरचा केवडा (काही भागांत हळद्या) हा विषाणूचा रोग आहे. नाव एक असल्यामुळे उपायांची गल्लत होते आणि विषाणू लागलेल्या भेंडीवर फेरस सल्फेटचे फवारे बसतात.

फरक ओळखणे सोपे आहे. पान उन्हाकडे धरून शिरा बघा. लोहाच्या कमतरतेत शिरा हिरव्या राहतात आणि शिरांमधला भाग पिवळा पडतो. विषाणूच्या केवड्यात याच्या उलट होते. आधी शिरा पिवळ्या होतात, पिवळ्या दोऱ्यांची जाळी विणल्यासारखी दिसते, मधला भाग काही दिवस हिरवा असतो, आणि नंतर सगळे पान पिवळे पडते. फळेही पिवळसर, लहान आणि राठ निघतात. सुरुवात शेंड्याच्या कोवळ्या पानांवर दिसते.

हा रोग आपल्याच भागात पहिल्यांदा नोंदला गेला. १९२४ मध्ये तत्कालीन मुंबई इलाख्यातून त्याची नोंद झाली. १९४० मध्ये उप्पल, वर्मा आणि कपूर यांनी तो विषाणूजन्य असल्याचे मांडले, तर १९५० मध्ये कपूर आणि वर्मा यांच्या कामातून त्याचा प्रसार पांढऱ्या माशीमार्फत होतो हे पुढे आले. म्हणजे हा शत्रू नवा नाही. आपल्याकडच्या भेंडीशी त्याची झुंज शंभर वर्षांची आहे.

शत्रू किती लहान आहे

हा विषाणू बेगोमो विषाणूंच्या कुळातला आहे. टोमॅटो आणि मिरचीवरचा पर्णगुच्छ (बोकड्या), सोयाबीन-मूग-उडदावरचा पिवळा मोझॅक, उत्तर भारतातल्या कापसावरचा लीफ कर्ल, हे सगळे याच कुळातल्या विषाणूंचे उद्योग. विषाणूची सगळी कुंडली म्हणजे डीएनएचे एक छोटे कडे. त्यात सुमारे २७०० अक्षरे आणि साधारण सहा जनुके असतात. भेंडीच्या विषाणूसोबत याच्या निम्म्या आकाराचे आणखी एक कडे फिरते. त्याला उपग्रह डीएनए किंवा बीटासॅटेलाइट म्हणतात. त्यात कामाचे जनुक एकच, बीटा-सी-१. पण हा छोटा साथीदार नसेल तर पिवळ्या शिरांचा नमुनेदार रोग उमटत नाही. हे २००३ मध्ये भारतातच झालेल्या प्रयोगांतून दिसले.

एवढ्या मोजक्या जनुकांच्या जोरावर विषाणू स्वतःच्या प्रती काढतो, पेशीतून पेशीत जातो, माशीच्या पोटातून प्रवास करतो आणि झाडाच्या संरक्षण व्यवस्थेलाही तोंड देतो. हे जमते कारण त्याचे एकेक प्रथिन दोन-दोन, तीन-तीन कामे करते.

झाड गप्प बसत नाही

माणसाच्या किंवा जनावराच्या शरीरात विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, इंटरफेरॉन असते. लम्पीच्या वेळी जनावरांना लस टोचली ती याच व्यवस्थेच्या भरवशावर. झाडाला रक्त नाही, प्रतिपिंडे नाहीत, म्हणून झाडाला लसही नाही. मात्र झाडाच्या प्रत्येक पेशीत स्वतःची विषाणूविरोधी प्रथिने असतात.

पहिली फळी म्हणजे कात्री. विषाणू वाढत असताना दुपदरी आरएनए तयार होतो. निरोगी पेशीत अशा लांब दुपदरी आरएनएचे फारसे काम नसते, त्यामुळे तो दिसला की पेशी सावध होते. डायसर नावाचे प्रथिन या आरएनएचे २१ ते २४ अक्षरांचे बारीक तुकडे करते. हे तुकडे आर्गोनॉट नावाचे दुसरे प्रथिन उचलते. आर्गोनॉट तो तुकडा नमुन्यासारखा हातात धरून पेशीत फिरते आणि त्याच्याशी जुळणारा आरएनए दिसला की तो कापते. तिसरे एक एन्झाइम या दुपदरी आरएनएच्या आणखी प्रती काढते, म्हणजे कात्र्यांची संख्या वाढत जाते. हे बारीक तुकडे शेजारच्या पेशींत आणि अन्नवाहिन्यांतून शेंड्यापर्यंत पोहोचतात. विषाणू तिथे जाण्याआधी त्याचे वर्णन पोहोचले तर शेंडा वाचतो.

तंबाखूत हे फार आधी दिसले होते. १९२८ मध्ये अमेरिकेत विंगार्ड यांनी नोंदवले की रिंगस्पॉट विषाणू लागलेल्या तंबाखूची खालची पाने रोगट असूनही नंतर आलेली वरची पाने निरोगी दिसतात. कारण कळायला पुढची सत्तर वर्षे गेली. आरएनएने जनुक गप्प करण्याच्या या यंत्रणेच्या शोधासाठी २००६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ते काम सूत्रकृमीवर झाले होते, पण वनस्पतींतले संशोधक त्याच सुमारास त्याच यंत्रणेपाशी पोहोचले होते.

दुसरी फळी म्हणजे कुलूप. बेगोमो विषाणू डीएनएचा आहे. त्याचा डीएनए झाडाच्या पेशीकेंद्रात जाऊन बसतो. तिथे त्याच बारीक तुकड्यांच्या मदतीने झाड विषाणूच्या डीएनएवर मिथाइल नावाचे छोटे रासायनिक गट चिकटवते. असा डीएनए कुलूपबंद होतो. तो असतो, पण वाचला जात नाही, म्हणून त्याची वाढ मंदावते.

तिसरी फळी म्हणजे पहारेकरी. काही प्रथिने विषाणूचे एखादे ठराविक प्रथिन ओळखतात आणि ओळख पटली की ती पेशी स्वतःला मारून घेते. चार-दोन पेशी जातात, पानावर ठिपका पडतो, पण विषाणू तिथेच अडकतो. तंबाखूतले ‘एन’ जनुक याचे सर्वात अभ्यासलेले उदाहरण आहे. ते तंबाखू मोझॅक विषाणू ओळखते. त्याची एक मर्यादा आपल्या हवामानात लक्षात ठेवण्यासारखी आहे. तापमान २८ अंशांच्या वर गेले की हा पहारा ढिला पडतो. सगळेच जनुक असे वागतात असे नाही, पण थंड प्रदेशात तपासलेला प्रतिकार आपल्या एप्रिल-मेमध्ये तसाच टिकेल हे गृहीत धरू नका.

याशिवाय काही प्रथिने विषाणूच्या शस्त्रावरच घाव घालतात. झाडातील ऊर्जेचा हिशेब ठेवणारे एसएनआरके-१ नावाचे एक एन्झाइम बीटा-सी-१ वर फॉस्फेट चिकटवून त्याला बोथट करते. ज्या झाडांत हे एन्झाइम वाढवले त्यांच्यावर लक्षणे उशिरा आली, कमी केले तिथे लवकर आली. (यावरून ‘अमुक ऊर्जावर्धक फवारा म्हणजे केवडा येणार नाही’ असे कोणी सांगू लागले, तर तो निष्कर्ष त्याच्या पदरचा आहे, संशोधनाचा नाही.)

विषाणूचा प्रतिडाव

एवढी व्यवस्था असताना झाड आजारी पडते, कारण आज शेतात टिकून असलेला प्रत्येक यशस्वी विषाणू या व्यवस्थेची तोड घेऊन आलेला असतो. अशा प्रथिनांना ‘शमन रोखणारी प्रथिने’ म्हणता येईल. झाड विषाणूला गप्प करू बघते, आणि ही प्रथिने झाडाला ते करू देत नाहीत.

भेंडीच्या विषाणूत अशी तीन प्रथिने सापडली आहेत: मुख्य कड्यातील सी-२ आणि सी-४, आणि उपग्रहातील बीटा-सी-१. म्हणजे सहा-सात जनुकांपैकी तीन झाडाची कात्री बोथट करण्यात गुंतलेली. विषाणूच्या दृष्टीने हे काम किती महत्त्वाचे आहे ते यावरून कळते.

याच कुळातल्या इतर विषाणूंवर झालेल्या अभ्यासातून कामाची पद्धत कळली. कुलूप लावायला मिथाइल लागतो. तो मिथाइल पुरवणारे चक्र पेशीत सतत फिरत असते. सी-२ आणि बीटा-सी-१ या चक्रातल्या एन्झाइमांना अडवतात. म्हणजे विषाणू कुलूप फोडत बसत नाही, कुलपांचा पुरवठाच बंद करतो. वर सांगितलेले एसएनआरके-१ आठवा. झाड त्याने बीटा-सी-१ ला बोथट करते, आणि याच कुळातल्या एका विषाणूचे सी-२ सारखे प्रथिन या वर्गातल्या एन्झाइमालाच निष्क्रिय करते. डावावर प्रतिडाव, त्यावर पुन्हा डाव.

बीटा-सी-१ आणखी एक काम करते, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने ते सर्वात महत्त्वाचे आहे. कीड पान खाऊ लागली की झाडात जास्मोनिक आम्लाचा इशारा फिरतो आणि किडीला नकोशी वाटणारी द्रव्ये तयार होतात. टोमॅटो-तंबाखूवरच्या चीनमधील अशाच एका विषाणूच्या अभ्यासात दिसले की बीटा-सी-१ हा इशारा दाबते. परिणामी रोगट झाडावर पांढऱ्या माशीची पैदास जास्त होते. विषाणू स्वतःसाठी वाहन तयार करून घेतो. म्हणून प्लॉटच्या कडेची चार पिवळी झाडे म्हणजे नुसती चार गेलेली झाडे समजू नका. ती पांढऱ्या माशीची नर्सरी असू शकतात.

पपईवरच्या रिंगस्पॉट विषाणूचे कूळ वेगळे, पण युक्ती तीच. त्याचे एचसी-प्रो हे प्रथिन झाडाची कात्री निकामी करते आणि तेच प्रथिन माव्याच्या सोंडेत विषाणूला चिकटून राहायला मदत करते. हवाईत १९९८ पासून लावली जाणारी ‘रेनबो’ ही जनुक-सुधारित पपई झाडाच्या याच कात्रीचा वापर करते. विषाणूच्या आवरणाच्या जनुकाचा तुकडा आधीच झाडात घातलेला असल्याने कात्री लागणीपूर्वीच तयार असते. पण ती हवाईतल्या विषाणूच्या नमुन्यावर बेतलेली आहे, आणि इतर देशांतल्या वेगळ्या विषाणूंपुढे ती तशी चालत नाही. आपल्याकडे असा पपईचा वाण लागवडीसाठी उपलब्ध नाही.

परभणी क्रांतीचे काय झाले

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. प्रतिकारक वाण म्हणजे काय, आणि तो का हरतो?

सर्वात जवळचे उदाहरण आपल्या विद्यापीठाचेच आहे. ‘पुसा सावनी’ हा वाण १९६० च्या आसपास देशभर पसरला. सुरुवातीला तो केवड्याला दाद देत नव्हता, पण पुढे त्याच्यावर रोग सर्रास येऊ लागला. तेव्हाच्या मराठवाडा कृषी विद्यापीठात (आजचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, परभणी) डॉ. जांभळे आणि डॉ. नेरकर यांनी भेंडीच्या मॅनिहॉट या जंगली नातेवाइकाचा पुसा सावनीशी संकर केला. दोन वेगळ्या प्रजातींचा हा संकर, त्यामुळे वांझपणाची अडचण होती. पुन्हा पुन्हा पुसा सावनीशी संकर आणि निवड करून ‘परभणी क्रांती’ तयार झाला. १९८६ मध्ये त्याची नोंद ‘हॉर्टसायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. फळे भेंडीची आणि प्रतिकार जंगली नातेवाइकाचा, असा तो वाण. मराठवाड्यातल्या भाजीपाला शेतीत या वाणाने मोठा काळ काम केले, आणि माझ्या मते या विद्यापीठाने दिलेल्या सर्वात उपयोगी वाणांपैकी तो एक आहे.

पण याच दोघांनी १९८१ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली होती. हा प्रतिकार एका प्रभावी जनुकातून येतो. पैदासकाराला ही सोय असते, कारण एकच जनुक एका वाणातून दुसऱ्यात नेणे सोपे. विषाणूलाही तीच सोय होते. एका जनुकाचा अडथळा असेल तर एखादा नेमका बदल झालेला विषाणू पुरतो. बेगोमो विषाणू बदलतात, आणि एका झाडात दोन प्रकारचे विषाणू एकत्र आले की आपल्या डीएनएचे तुकडे एकमेकांत बदलतात. वर्षानुवर्षे हजारो एकरांवर एकच जनुक असलेले पीक उभे राहिले, तर त्या जनुकाला चकवणारा विषाणू निवडून पुढे आणण्याचे काम आपणच केलेले असते. परभणी क्रांतीवर पुढे केवडा दिसू लागला. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचा ‘अर्का अनामिका’ वाणही याच वाटेने गेला.

आजच्या अनेक संकरित वाणांत केवड्याला प्रतिकार असतो, पण त्यांच्यावर एनेशन लीफ कर्ल हा दुसऱ्या बेगोमो विषाणूचा रोग येतो. पाने जाड, चामड्यासारखी होतात, मुरडतात, आणि पानाच्या खालच्या बाजूने शिरांवर उंचवटे दिसतात. शेतकरी म्हणतात की प्रतिकारक वाण आजारी पडला. वाणाने केवडा रोखलाही असेल, आलेला रोग मात्र दुसरा आहे. म्हणून बियाणे घेताना ‘व्हायरस प्रतिकारक आहे का’ असे मोघम विचारू नका. कोणत्या रोगाला, हे विचारा, आणि दोन्ही रोगांची नावे घेऊन विचारा.

दोन विषाणू एकत्र आले की

टोमॅटोतील टीवाय-१ हे जनुक पर्णगुच्छ विषाणूंना रोखण्यासाठी जगभर वापरले जाते. ते चिली-पेरूकडच्या जंगली टोमॅटोतून आले. २०१३ मध्ये नेदरलँड्समधील शास्त्रज्ञांनी ते काय करते हे शोधले. ते आरएनएच्या प्रती काढणारे एन्झाइम तयार करते, म्हणजे वर सांगितलेल्या कात्री आणि कुलुपाच्या व्यवस्थेलाच जोर देते. असे झाड विषाणूमुक्त नसते. विषाणू त्यात कमी प्रमाणात असतोच, फक्त दबलेला.

त्याच गटाने पुढच्या वर्षी दाखवले की टीवाय-१ असलेल्या टोमॅटोला कुकुंबर मोझॅक विषाणूचीही लागण झाली, तर दबलेला पर्णगुच्छ विषाणू पुन्हा वाढू लागतो. कारण उघड आहे. कुकुंबर मोझॅक विषाणूचे २-बी हे प्रथिन कात्रीच मोडते, आणि त्याचा फायदा शेजारी दबा धरून बसलेल्यालाही होतो.

हा विषाणू आपल्याला परका नाही. केळीवरचा ‘हरण्या’ त्याचाच. २०२० च्या उन्हाळ्यात नगर, नाशिक, पुणे भागात टोमॅटोची फळे हिरवी-पिवळी-लाल अशी डागाळली आणि शेतकऱ्यांनी त्याला ‘तिरंगा व्हायरस’ म्हटले, तेव्हा बंगळूरच्या संस्थेतील तपासणीत प्रामुख्याने हाच विषाणू आढळला. तो माव्यामार्फत पसरतो. काकडी, दोडका, भोपळा, केळी, अनेक तणे ही त्याची घरे. म्हणून प्रतिकारक संकरित टोमॅटो लावताना फक्त पांढऱ्या माशीकडे बघून चालणार नाही. काकडीवर्गीय जुन्या प्लॉटला लागून टोमॅटोची रोपे लावू नका. त्या दोन पिकांत जितके अंतर ठेवता येईल तितके ठेवा.

तुरीचा वेगळा धडा

तुरीचा वांझ रोगही विषाणूचाच आहे, पण तिथे वाहक पांढरी माशी नसून डोळ्यांना न दिसणारा एरिओफाइड कोळी आहे. रोगाचे वर्णन १९३१ पासून आहे, पण विषाणू इक्रिसॅटमधील शास्त्रज्ञांच्या हाती २००० च्या सुमारास लागला. काही तुरीच्या वाणांत विषाणू रोखला जातो, तर काहींत पानाची साल इतकी जाड असते की कोळ्याची सोंड नीट आत जात नाही. म्हणजे अडवले विषाणूला नाही, वाहकाला. बदनापूरच्या संशोधन केंद्राचे बीएसएमआर ७३६ आणि बीएसएमआर ८५३ हे वाण आपल्या भागात वांझ रोगाला टिकले. पण हैदराबादजवळच्या पाटणचेरूला प्रतिकारक ठरलेले काही वाण बंगळूरच्या जास्त तीव्र विषाणूपुढे टिकत नाहीत. दूरच्या राज्यातले तुरीचे बियाणे ‘प्रतिकारक’ म्हणून आणण्याआधी ते बदनापूर किंवा परभणीला तपासले आहे का, हे बघा. आणि बांधावरची जुनी, खोडव्याची तूर काढून टाका. कोळी आणि विषाणू दोन्ही तिच्यावर उन्हाळा काढतात.

तुमच्या हातात काय आहे: दिवस

झाड आणि विषाणू यांच्या झुंजीत तुम्ही पेशीच्या आत जाऊ शकत नाही. पण झुंज कधी सुरू होईल आणि किती विषाणू एकदम आत येतील, हे बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे. भेंडीत याचा हिशेब १९७४ मध्ये शास्त्री आणि सिंह यांनी मांडला. उगवणीनंतर ३५ दिवसांत लागण झालेल्या झाडांचे ९४ टक्के उत्पादन गेले. ५० दिवसांनी लागण झाली तर ८४ टक्के आणि ६५ दिवसांनी झाली तर ४९ टक्के. हे आकडे जुन्या वाणांचे आहेत, पण कल तोच राहतो. लागण महिनाभर पुढे ढकलली तर जवळपास निम्मा माल पदरात पडतो. म्हणून केवड्याचा सगळा खर्च पहिल्या ४५ ते ५० दिवसांवर करा. नंतरचा खर्च बहुतेक वाया जातो.

पेरणीची जागा निवडताना कपाशीचा विचार करा. गेवराईत खरिपात चहूकडे कपाशी असते, आणि ऑगस्टपासून तिच्यावर पांढरी माशी वाढते. कपाशीला खेटून, वाऱ्याच्या दिशेत पेरलेल्या भेंडीवर ती उतरणारच. आदल्या हंगामाच्या पिवळ्या भेंडीशेजारी नवी भेंडी पेरणे त्याहून वाईट, कारण तिथे माशीसोबत विषाणूही तयार असतो. जुना प्लॉट उपटून काढल्याशिवाय नवा पेरू नका. बांधावरची रानभेंडी आणि आपोआप उगवलेली भेंडीही काढा.

भेंडीच्या चारही बाजूंनी मका किंवा ज्वारीच्या दोन-तीन दाट ओळी भेंडीच्या दोन-तीन आठवडे आधी पेरा. माशी कमजोर उडते आणि उंच कडेला अडखळते. बियाण्याला प्रक्रिया करताना भेंडीसाठी लेबलवर नोंद असलेलेच कीटकनाशक वापरा. उगवणीनंतर पिवळे चिकट सापळे पिकाच्या शेंड्याच्या उंचीवर लावा आणि पिकासोबत वर सरकवत राहा. सापळ्यांनी रोग थांबत नाही, पण माशी कधी आली ते कळते. पाच टक्के निंबोळी अर्काचा फवारा पानाच्या खालच्या बाजूला बसला तरच उपयोगाचा. सिंथेटिक पायरेथ्रॉइड वारंवार मारू नका. त्याने मित्रकीटक मरतात आणि पांढरी माशी उलट भडकते. तोडा सुरू झाला की दर दोन-तीन दिवसांनी माल बाजारात जातो, म्हणून फवारणी आणि तोडणी यांत लेबलवर दिलेले अंतर पाळा. युरियाचा हात आखडता ठेवा. लुसलुशीत पानावर माशी जास्त बसते.

पहिल्या महिन्यात दिसलेले प्रत्येक पिवळे झाड उपटा. उपटताना ते हलवून माशा उडवू नका. सकाळी लवकर, माशी सुस्त असताना झाडावर पिशवी घालून काढा आणि पुरून टाका. बऱ्याच जणांना हे जड जाते, कारण अशा झाडाला चार फळे लागलेली असतात. पण ती चार फळे महाग पडतात. निम्मा प्लॉट पिवळा झाल्यावर मात्र उपटण्यात अर्थ नाही. तेव्हा मिळेल तो माल काढा आणि पीक लवकर मोडा.

औषध आणि बियाणे, दोन स्पष्ट गोष्टी

एक, लागण झालेल्या झाडातला विषाणू मारणारे फवारणीचे औषध नाही. ‘व्हायरस साफ’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांत बहुतेक सूक्ष्म अन्नद्रव्ये, समुद्री शेवाळाचा अर्क किंवा तत्सम काही असते. त्याने नवी पालवी हिरवी दिसू शकते, विषाणू आत तसाच राहतो आणि माशी तो पुढे नेत राहते. हे पैसे बियाणे प्रक्रिया आणि कडेच्या मक्यावर घाला.

दोन, संकरित भेंडीचे बियाणे घरी धरू नका. प्रतिकार एका प्रभावी जनुकाचा असेल आणि ते एकाच पालकाकडून आले असेल, तर पुढच्या पिढीत साधारण चारातल्या एका झाडात ते नसते. तेच झाड आधी पिवळे पडते आणि प्लॉटमध्ये रोगाचे केंद्र बनते. परभणी क्रांतीसारख्या सरळ वाणाचे बियाणे धरता येते, पण शेवटपर्यंत हिरव्या राहिलेल्या झाडांचेच, आणि दुसऱ्या भेंडीपासून पुरेशा अंतरावर. भेंडीत मधमाश्यांमुळे परपरागीकरण बरेच होते. गावात सगळ्यांनी एकच संकरित वाण लावण्यापेक्षा दोन-तीन वेगळे वाण वाटून लावले, तर विषाणूसमोर एकच कुलूप राहत नाही.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी एक सूचना. प्रतिकारक वाणावर रोग दिसला तर ‘बियाणे निकृष्ट’ असा शेरा मारण्याआधी शेतातली चार कोपरे आणि मध्य अशी पाच ठिकाणे बघा, प्रत्येक ठिकाणी वीस झाडे मोजा. सुरुवातीपासून सगळीकडे विखुरलेली, अंदाजे चारात एक झाडे पिवळी असतील तर बियाण्याच्या शुद्धतेची शंका घ्या आणि पाकीट, लॉट क्रमांक व पावती जपून ठेवायला सांगा. एका कडेने, विशेषतः कपाशीच्या किंवा जुन्या भेंडीच्या बाजूने रोग आत शिरलेला दिसला तर माशीचा आणि बदललेल्या विषाणूचा विचार करा. नमुना खामगावच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीला नेताना शेंड्याची कोवळी, नुकत्या पिवळ्या शिरांची पाने घ्या. ओली न करता कागदात गुंडाळून त्याच दिवशी पोहोचवा. सोबत वाणाचे नाव, पेरणीची तारीख, पहिले पिवळे पान दिसल्याचा दिवस आणि शेजारची पिके लिहून द्या. पेरणी आणि पहिल्या लक्षणाची तारीख नसेल तर तपासणारा रोगाचे नाव सांगू शकतो, पण वाण हरला की पेरणीची जागा चुकली, हे त्याला सांगता येत नाही.